प्लेक्सीचं कॅप्चर किरकिरं का वाजतं, आणि स्वतःचं घ्यायचं तर कसं

प्रश्न असा आहे: जुन्या मार्शल ‘प्लेक्सी’चे आणि व्हॉक्स एसी३० चे डझनभर कॅप्चर (ठरलेला सिग्नल खऱ्या गिटार अ‍ॅम्पमधून वाजवून, परत आलेल्या आवाजावर शिकवलेली त्याची डिजिटल नक्कल) न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलरमध्ये (असे कॅप्चर वाजवणारं सॉफ्टवेअर, यापुढे नुसतं ‘नॅम’) टाकून पाहिले. सगळे पातळ आणि किरकिरे वाजतात, सत्तरच्या दशकातल्या रेकॉर्डवरचा भरीव आवाज काही येत नाही. शिवाय ओळखीत एकाकडे ५० वॉटचं जुनं मार्शल १९८७ हेड, म्हणजे स्पीकर वेगळा असलेला अ‍ॅम्प, आहे. त्याचं कॅप्चर स्वतः घ्यायचं तर काय लागेल?

१९८७ हा मॉडेल क्रमांक आहे, साल नव्हे. त्याच्या १०० वॉटच्या थोरल्या भावाचा क्रमांक १९५९, आणि तोही त्या साली बनलेला नाही. मार्शलचा पहिला अ‍ॅम्पच १९६२ चा. कॅप्चरच्या नावांत हे आकडे वाचून बरेच जण चकतात, म्हणून आधी सांगितलं.

पहिल्या भागाबद्दल: दोष कॅप्चरमध्ये क्वचित असतो. गिटारचा सिग्नल त्यात किती जोरात शिरतो आणि बाहेर पडल्यावर त्याला कोणता स्पीकर भेटतो, या दोन जागी तो बहुतेकदा सापडतो. दोन्ही तपासायला अर्धा तास पुरे. तेवढं करेपर्यंत तेरावं कॅप्चर शोधू नका.

आत जाणारी लेव्हल

व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पला व्होल्ट कळतात. गिटारच्या हंबकर (दुहेरी कॉइलच्या) पिकअपवर जोरात स्ट्रोक मारला की एखाद-दोन व्होल्टचं शिखर येतं, जुन्या धाटणीच्या सिंगल कॉइलवर त्याच्या निम्मं किंवा आणखी कमी. कॉम्प्युटरमधल्या कॅप्चरला व्होल्ट दिसत नाहीत, त्याला शून्य डीबीएफएसच्या (डिजिटलची कमाल पातळी) खालचे आकडे दिसतात. मधला दुभाषा म्हणजे तुमचा ऑडिओ इंटरफेस, आणि त्याचं गेनचं बटण जितकं फिरवाल तितकं तो भाषांतर फुगवून सांगतो.

रेकॉर्डिंगची जुनी शिकवण अशी की मीटर लालच्या जरा अलीकडे येईपर्यंत गेन वाढवावा. गायकाच्या माइकला ते ठीक, इथे मात्र घात होतो. गेन १० डीबीने वाढवला की कॅप्चरच्या लेखी तुमचे पिकअप तिपटीहून तगडे झाले. ज्या सेटिंगवर प्लेक्सी नुसती गुरगुरायला हवी तिथे ती चिरडल्यासारखी वाजते, स्ट्रोकचा ठोसा जातो आणि वर किरकिर उरते. मग माणूस ट्रेबल कमी करतो, आवाज मंद होतो, आणि कॅप्चरला बोल लावला जातो.

इनपुट ‘इन्स्ट्रुमेंट’ वर ठेवा. ‘लाइन’ वर ठेवलंत तर कमी इम्पीडन्समुळे (एसी प्रवाहाला होणारा विरोध) पॅसिव्ह पिकअपचा ट्रेबल तिथेच मरतो. गेन पूर्ण खाली घ्या. मग इंटरफेसच्या माहितीपत्रकात इन्स्ट्रुमेंट इनपुटची कमाल लेव्हल शोधा, ती डीबीयू या व्होल्टेजच्या मापात दिलेली असते. फोकसराइट स्कारलेट २आय२ च्या तिसऱ्या पिढीत ती १२.५ आहे, आणि घरगुती इंटरफेसपैकी पुष्कळांत १२ च्या आसपास. कॅप्चर करणाऱ्याने आपला इनपुट आकडा फाइलमध्ये नोंदवला असेल तर नॅमच्या अलीकडच्या प्लगइनमध्ये इनपुट कॅलिब्रेशन चालू करून तुमचा आकडा भरा, बाकीचं गणित ते करतं. हाताने करायचं झालं तर तुमचा आकडा कॅप्चरच्या आकड्यापेक्षा ३ ने कमी असल्यास इनपुट ३ डीबी खाली, ६ ने जास्त असल्यास ६ डीबी वर. नोंदच नसेल तर १२ धरून चाला आणि सहा-सहा डीबी खालीवर करून कानाने ठरवा.

गेन तळाला असताना मीटर उणे २० च्या आसपास लोळताना दिसेल. बिघडत नाही, २४ बिटमध्ये तेवढी जागा सहज असते.

बाहेरचा स्पीकर

कॅप्चर दोन जातींचे. एकात नुसता अ‍ॅम्प असतो, म्हणजे सिग्नल स्पीकरच्या सॉकेटवरून घेतलेला. याला डीआय कॅप्चर म्हणतात. दुसऱ्यात कॅबिनेट आणि माइकसुद्धा आलेले असतात, तो पूर्ण रिग. डीआय कॅप्चरपुढे कॅबिनेटचा इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे आयआर (कॅबिनेट आणि माइकच्या आवाजाची छाप असलेली फाइल), लावला नाही तर आवाज कानाशी डास गुणगुणावा तसा येतो. गिटारचा स्पीकर साधारण ५ हजार हर्ट्झच्या वर झपाट्याने उतरतो, आणि व्हॉल्व्ह क्लिप झाल्यावर वर जो कचरा तयार होतो तो हा उतारच झाडून काढतो. उलट, पूर्ण रिगच्या कॅप्चरपुढे पुन्हा आयआर लावला तर एका कॅबिनेटमधून दुसरं कॅबिनेट ऐकल्यासारखा कोंदट आवाज. तुमची तक्रार किरकिरीची आहे, तेव्हा पहिली शक्यता आधी पाहा.

आयआर निवडताना अ‍ॅम्पची जोडी सांभाळा. प्लेक्सीला चार बारा-इंची सेलेस्टियन जी१२एम, म्हणजे २५ वॉटचे ग्रीनबॅक, किंवा जरा घट्ट खर्ज हवा असल्यास जी१२एच. एसी३० ला मागून उघडं कॅबिनेट आणि दोन अल्निको ब्लू. व्ही३० या स्पीकरचा आयआर प्लेक्सीला लावला की वरच्या मिडचा टोकदार उंचवटा पुढे येतो. आधुनिक मेटलला तो उपयोगी, साठ-सत्तरच्या रॉकला बोचतो. एसएम५७ माइक कोनाच्या मधल्या टोपीवर रोखलेला असेल तर आवाज तीक्ष्ण, टोपीच्या कडेवर असेल तर मऊ. सुरुवात कडेच्या आयआरने करा. रिबन माइकचा आयआर त्यात मिसळायचा असेल तर दोघांची वेळ जुळलेली आहे ना ते पाहा. माइकांच्या अंतरात एका इंचाचा फरक ४८ किलोहर्ट्झला साधारण साडेतीन सॅम्पल होतो, आणि तेवढ्यानेही वरचे स्वर पोकळ होतात. आयआरनंतर ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं आणि ७-८ हजारांच्या वरचं हलकेच कापा. याहून जास्त ईक्यू लागत असेल तर आयआर चुकला आहे, तो बदला.

आणि गेन कमी करा. क्लासिक रॉकच्या बहुतेक रिफ लोकांना वाटतात त्याच्या निम्म्या गेनवर वाजलेल्या आहेत. एसी/डीसीच्या अँगस यंगचा ताल ऐकताना सहाही तारा वेगवेगळ्या ओळखू येतात, कारण अ‍ॅम्प जेमतेम फुटलेला असतो आणि आवाज मोठा असतो. भरीवपणाचं निम्मं श्रेय बास गिटारला, दोनदा वाजवून डावी-उजवीकडे ठेवलेल्या ट्रॅकना आणि खोलीच्या गुंजनाला जातं. त्या रेकॉर्डमधली गिटार एकटी सुटी करून ऐकली तर ती बऱ्याचदा पातळच असते. म्हणून कॅप्चरची पारख बास आणि ड्रमसोबत करा, एकट्याने नको. बारीक आवाजात हेडफोनवर तर मुळीच नको. कमी आवाजात कानाला खर्ज आणि वरचं टोक दोन्ही कमी ऐकू येतं.

आता ते ५० वॉटचं हेड

जुना मार्शल बरीच वर्षं बंद असेल तर आधी व्हॉल्व्हचं काम जाणणाऱ्या तंत्रज्ञाकडे न्या. आत ४०० व्होल्टच्या पुढचा डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये तो टिकून राहतो. झाकण उघडून हात घालण्याची ही जागा नाही. त्याच्याकडून करून घ्यायचं ते असं: फिल्टर कपॅसिटरची तपासणी, व्हॉल्व्हच्या सॉकेटची आणि पॉटची सफाई (आपल्याकडच्या पावसाळ्यात पॉट खरखरतातच), आणि बायस (पॉवर व्हॉल्व्हमधून सतत वाहणारा प्रवाह ठरवणं). ईएल३४ या पॉवर व्हॉल्व्हची प्लेट डिसिपेशनची (प्लेटवर उष्णता म्हणून जाणाऱ्या शक्तीची) मर्यादा २५ वॉट. तिच्या ७० टक्के म्हणजे १७.५ वॉट, प्लेटवर ४०० व्होल्ट असतील तर प्रत्येक व्हॉल्व्हला सुमारे ४४ मिलिअँपिअर. फार थंड बायसवर बारीक स्वरांत करकर येते, आणि ती कॅप्चरमध्ये जशीच्या तशी उतरते.

मागचा व्होल्टेज सिलेक्टर पाहा. तो २४० च्या आसपास असेल तर आपल्या २३० वर चालेल. चुकून १२० वर राहिला आणि २३० दिलेत तर नशीब चांगलं असल्यास फ्यूज, नाहीतर ट्रान्सफॉर्मर जाईल. अमेरिकेतून आलेला फेंडर असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच. डिलक्स रिव्हर्बसारख्या २२ वॉटच्या कॉम्बोला ३०० व्हीए भरपूर झाला.

विजेबद्दल थोडं जास्त बोलावं लागेल, कारण परदेशी मार्गदर्शिकांत हे नसतं. व्हॉल्व्हचे हीटर आणि प्लेट व्होल्टेज दोन्ही मेन्सच्या प्रमाणात हलतात. दुपारी २४० असलेली लाइन संध्याकाळी २१० वर आली तर तो वेगळाच अ‍ॅम्प झाला. एडी व्हॅन हेलनने नेमका हाच गुण मुद्दाम वापरला होता: व्होल्टेज कमीजास्त करणाऱ्या व्हेरिअ‍ॅकवर आपल्या मार्शलला १२० ऐवजी ९० च्या आसपास व्होल्ट देऊन. तुम्हाला मात्र आज घेतलेलं कॅप्चर उद्याच्याशी जुळायला हवं, तेव्हा मल्टिमीटरने मेन्स मोजून प्रत्येक फाइलसोबत लिहून ठेवा. स्टॅबिलायझर लावायचाच तर सर्व्हो लावा. रिलेचा स्टॅबिलायझर मधूनच टकटक करत टप्पे बदलतो आणि चालू रेकॉर्डिंगच्या पोटात व्होल्टेजची पायरी पडते. चौकोनी लहर देणाऱ्या घरगुती इन्व्हर्टरवर तर कॅप्चर घेऊच नका: साइन लहरीचं शिखर ३२५ व्होल्टचं असतं, चौकोनी लहरीचं त्याहून बरंच खाली. रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) शिखरापर्यंतच भरतो, म्हणून प्लेट व्होल्टेज कोसळतं, आणि वर भणभण वेगळी.

लोड

व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प बिनस्पीकरचा कधीच वाजवू नये. लोड नसताना आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये उसळणारं व्होल्टेज व्हॉल्व्हच्या सॉकेटवर ठिणग्या पाडतं आणि वाइंडिंग जाळतं. अ‍ॅम्पचा ओहम सिलेक्टर आणि लोडचा ओहम एकच हवा. जोडायला स्पीकर केबल घ्या. गिटारची शील्डेड केबल इथे चालत नाही.

स्पीकरचे ८ किंवा १६ ओहम हे नावापुरते असतात. खर्जात रेझोनन्सपाशी, साधारण १०० हर्ट्झच्या आसपास, इम्पीडन्सचं टेकाड असतं आणि वरच्या स्वरांकडे ते पुन्हा चढत जातं. अ‍ॅम्प या चढउताराला प्रतिसाद देतो. त्यातूनच खर्जाचा धक्का आणि वरचा चटका येतो. नुसत्या रेझिस्टरच्या लोडवर हे सगळं सपाट होतं आणि कॅप्चर मेल्यासारखं वाजतं. त्यामुळे रिअ‍ॅक्टिव्ह लोड बॉक्स घ्या, म्हणजे स्पीकरसारखाच चढउतार देणारा. ५० वॉटचं हेड पूर्ण उघडलं की ७० वॉटच्या पुढे सहज जातं, तेव्हा लोड १०० वॉटचा हवा.

आवाज करायला जागा असेल तर माझा कौल लोड बॉक्सला नाही. खरं कॅबिनेट लावा आणि अ‍ॅम्प व कॅबिनेटच्या मध्ये स्पीकर लेव्हल झेलणारा डीआय बॉक्स ठेवा. मग लोड म्हणून खरा ग्रीनबॅकच वागतो, आणि सिग्नल मात्र माइक आणि खोलीशिवाय मिळतो. वाटल्यास त्याच वेळी एसएम५७ जाळीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर ठेवून पूर्ण रिगही दुसऱ्या ट्रॅकवर घ्या. एका फेरीत दोन कॅप्चर. डीआय बॉक्सवर ‘स्पीकर’ किंवा ४० डीबी पॅड असल्याची खात्री करा. ५० वॉट १६ ओहमवर म्हणजे २८ व्होल्ट आरएमएस, १०० वॉटला ४० व्होल्ट. हे थेट इंटरफेसमध्ये गेले तर इंटरफेस संपला.

लेव्हल लावणं

कॅप्चरचा जीव इथे आहे, आणि घाई नेमकी इथेच होते.

इंटरफेसचं लाइन आउट सरळ अ‍ॅम्पला जोडू नका. मध्ये रीअ‍ॅम्प बॉक्स हवा, शक्यतो ट्रान्सफॉर्मरचा. तो लेव्हल खाली आणतो आणि कॉम्प्युटर व अ‍ॅम्पची जमीन विलग करतो, त्यामुळे ५० हर्ट्झची गुणगुण थांबते. ती थांबवायला मेन्स प्लगची अर्थची पिन काढण्याचा उद्योग कोणी सुचवला तर ऐकू नका. जुन्या अ‍ॅम्पच्या चासीवर गळती झाली तर गिटारच्या तारा तिच्याशी जोडलेल्याच असतात.

आता मोजमाप. डीएडब्ल्यूमधून (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) ४०० हर्ट्झची साइन उणे १२ डीबीएफएसवर सोडा. १ किलोहर्ट्झ का नको? स्वस्त मल्टिमीटर एसी व्होल्ट ५० हर्ट्झसाठी बनलेले असतात आणि वरच्या फ्रिक्वेन्सीला कमी दाखवतात. रीअ‍ॅम्प बॉक्सची केबल अ‍ॅम्पच्या इनपुटला लावलेली असताना तिच्या प्लगच्या टोकावर आणि मागच्या धातूच्या नळीवर (टिप आणि स्लीव्ह) मीटर लावा, अ‍ॅम्पचा आवाज शून्यावर ठेवून. बॉक्सचं बटण फिरवत मीटर ०.७७५ व्होल्टवर आणा. ०.७७५ व्होल्ट म्हणजे शून्य डीबीयू. उणे १२ डीबीएफएसला शून्य डीबीयू मिळाले, म्हणजे शून्य डीबीएफएसला १२ डीबीयू. हाच तुमचा इनपुट आकडा, फाइल बनवताना मेटाडेटात १२ लिहा. यानंतर बॉक्सच्या बटणावर चिकटपट्टी लावा. दिवसभरातले सगळे कॅप्चर याच लेव्हलवर घ्यायचे. एकाला जरी जास्त लेव्हल दिली तरी पुढे वापरणाऱ्याला गेनचा हिशेब लागत नाही.

परतीची लेव्हल त्या मानाने सोपी: शिखरं उणे १२ ते उणे ६ च्या मध्ये. इथे डिजिटल क्लिपिंग झालं तर मॉडेल ते अ‍ॅम्पचा गुण समजून शिकतं आणि कितीही ट्रेनिंग दिलं तरी ते जात नाही.

बटणं आणि किती कॅप्चर

साध्या नॅम मॉडेलमध्ये एका सेटिंगचं एकच कॅप्चर असतं. बटणं फिरवता येत नाहीत, आणि ‘नंतर ईक्यूने करू’ हे प्लेक्सीच्या बाबतीत अर्धंच खरं. टोन स्टॅक (बेस, मिडल, ट्रेबलचं सर्किट) अ‍ॅम्पच्या मध्यावर आहे, त्याच्या पुढे फेज इन्व्हर्टर आणि पॉवर व्हॉल्व्ह फुटतात. बेसचं बटण ८ वर ठेवून घेतलं तर खर्ज पॉवर स्टेजमध्ये चुरगळतो आणि बाहेरून कितीही कापला तरी तो चिखल राहतोच. बेस २-३, मिडल ७, ट्रेबल ६, प्रेझेन्स ४ ही सुरुवात धरा.

लीड स्पेकच्या (लीड गिटारसाठी बनलेल्या) प्लेक्सीत पहिल्या चॅनेलच्या व्हॉल्यूमवर ५००० पिकोफॅरडचा ब्राइट कपॅसिटर असतो. व्हॉल्यूम ३ वर असताना तो कानात सुई टोचतो, १० कडे जाताना त्याचा प्रभाव विरतो. कमी व्हॉल्यूमचे प्लेक्सी कॅप्चर कर्कश असण्याचं कारण हेच, आणि तो त्या अ‍ॅम्पचा खरा स्वभाव आहे. उपाय म्हणजे चॅनेल जोडणं: गिटार पहिल्या चॅनेलच्या वरच्या इनपुटला, आणि छोट्या केबलने त्याच चॅनेलचा खालचा इनपुट दुसऱ्या चॅनेलच्या वरच्याला. दुसऱ्या चॅनेलचा व्हॉल्यूम ४-५ ठेवला की अंगात मांस येतं.

पंचवीस कॅप्चर घेण्यात अर्थ नाही. पहिला व्हॉल्यूम ३, ५, ७ आणि १० एवढे चार पुरतात. ६-७ च्या पुढे आवाज फारसा वाढत नाही, दाब आणि घुसमट वाढते. यातला ७ चा मुख्य. गिटारचा व्हॉल्यूम निम्म्यावर आणून तो साफ होतो का हे पाहा. होत असेल तर लेव्हल बरोबर लागली आहे आणि गाण्यातलं निम्मं काम त्या एकाच फाइलवर निघेल.

बूस्टर जोडायचा असेल तर सावध राहा. रेंजमास्टरच्या जातीचा ट्रेबल बूस्टर किंवा फझ फेस यांचं इनपुट इम्पीडन्स इतकं कमी असतं की पिकअपची कॉइल सर्किटचाच भाग बनते. रीअ‍ॅम्प बॉक्समागे ती कॉइल नसते, त्यामुळे कॅप्चर जास्त तिखट येतं आणि गिटारचा व्हॉल्यूम खाली केल्यावर फझ साफ होण्याची जादू जाते. असे पेडल खरेच वापरा, पुढे अ‍ॅम्पचं कॅप्चर ठेवा. अ‍ॅम्पच्या बाबतीत ही अडचण नाही. त्याचं इनपुट एक मेगओहमचं, पिकअपला ते जवळजवळ जाणवत नाही.

फेरी

अ‍ॅम्प चालू करून २०-३० मिनिटं लोडवर तापू द्या, मधूनमधून वाजवत. पंखा, ट्यूबलाइट आणि फोनचा चार्जर बंद. नॅमची प्रमाणित इनपुट फाइल (तीन मिनिटांहून थोडी मोठी, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो) डीएडब्ल्यूमध्ये टाका आणि प्रोजेक्टही ४८ वरच ठेवा. मास्टरवर लिमिटर किंवा कोणतंही प्लगइन नको, डायरेक्ट मॉनिटर बंद, परतीचा ट्रॅक पुन्हा त्याच आउटपुटकडे वळलेला नाही ना ते पाहा. ही शेवटची चूक झाली तर अ‍ॅम्प स्वतःचाच आवाज पुन्हा गिळतो.

रेकॉर्ड झालेली फाइल इनपुट फाइलएवढीच लांब निर्यात करा, पुढून-मागून कात्री लावू नका, नॉर्मलाइझ करू नका. सुरुवातीच्या दोन टिचक्यांवरून ट्रेनर (मॉडेल शिकवणारा नॅमचा प्रोग्रॅम) उशीर मोजतो. त्या कापल्या तर सगळं सरकतं.

त्या फाइलमध्ये एक तुकडा सुरुवातीला आणि शेवटी दोनदा येतो. दोन्ही वेळा अ‍ॅम्पने सारखं उत्तर दिलं नाही तर ट्रेनर हरकत घेतो. कारणं ठरलेली: अ‍ॅम्प अजून तापतोय, मेन्स हलली, नॉइज गेट राहिला, ट्रेमोलो किंवा रिव्हर्ब चालू आहे, किंवा एखादा व्हॉल्व्ह सॉकेटमध्ये सैल आहे. हरकत डावलून पुढे जाण्याचा पर्याय मिळतो, तो घेऊ नका. कारण शोधून फेरी पुन्हा काढा.

ट्रेनिंग ग्राफिक्स कार्डवर किंवा गूगल कोलॅबवर काही मिनिटांत होतं, साध्या प्रोसेसरवर फार वेळ खातं. ‘स्टँडर्ड’ आकार आणि १०० इपॉकने (ट्रेनिंगच्या फेऱ्या) सुरुवात करा. शेवटी ईएसआर मिळतो, म्हणजे मॉडेल मूळ आवाजापासून किती चुकलं ते सांगणारा आकडा. ०.०१ च्या खाली उत्तम, ०.०३५ पर्यंत ठीक, ०.१ च्या पुढे काहीतरी बिनसलं आहे. प्लेक्सी १० वर असताना आकडा साफ सेटिंगपेक्षा जास्त येणारच. गुणगुण आणि सुसकारा मॉडेलला शिकता येत नाहीत, कारण त्यांचा इनपुटशी संबंध नसतो. ते फक्त आकडा वाढवतात. आकडा सुंदर असूनही वरचे स्वर चुकलेले असू शकतात, कारण एकूण ऊर्जेत त्यांचा वाटा लहान. त्यामुळे मूळ अ‍ॅम्पमधून आणि कॅप्चरमधून एकच वाजवणं, सारख्याच आवाजात, डोळे मिटून ऐका. एक डीबी जरी एखादा मोठा असला तरी तोच ‘चांगला’ वाटतो.

कॅप्चरला न जमणारं

‘स्टँडर्ड’ मॉडेलची नजर मागच्या सुमारे ८५ मिलिसेकंदांपर्यंत पोहोचते. त्यापेक्षा जुनं त्याला आठवत नाही. म्हणून रिव्हर्ब, ट्रेमोलो, खोलीचं गुंजन बाहेर ठेवायचं आणि नंतर प्लगइनने लावायचं. पॉवर सप्लाय दबून हळू सावरतो त्या ‘सॅग’चा वेगवान भाग येतो, रेंगाळणारा निसटतो. तुमच्या १९८७ मध्ये सिलिकॉन डायोडचा रेक्टिफायर असेल तर हरवतं ते थोडंच. जेटीएम४५ मधल्या जीझेड३४ व्हॉल्व्ह रेक्टिफायरला ते जास्त जाणवेल, आणि ५वाय३ रेक्टिफायरच्या ट्वीड डिलक्सला सर्वांत जास्त. तो अ‍ॅम्प जवळजवळ सॅगवरच जगतो.

ट्वीड डिलक्सची आणखी एक खोड: दोन चॅनेलचे व्हॉल्यूम एकमेकांत गुंतलेले असतात. जोडलेलाच नसलेला चॅनेल फिरवला तरी आवाज बदलतो. दोन्हींची नोंद केली नाही तर ते कॅप्चर परत घेता येत नाही. एसी३० मध्ये निगेटिव्ह फीडबॅक नाही, म्हणून तो स्पीकरच्या इम्पीडन्सला मार्शलहून जास्त भुलतो. त्याला रेझिस्टरचा लोड म्हणजे अन्यायच. उलट त्याचा ‘कट’ पॉवर स्टेजच्या तोंडाशी असल्यामुळे तो उघडा ठेवून कॅप्चर घ्यावं आणि वरचे स्वर नंतर शेल्फने उतरवावेत. फरक थोडा पडतो. त्यातले ईएल८४ कधीकाळी आपल्याकडच्या व्हॉल्व्हच्या रेडिओतही असत. जुन्या बाजारात भारत इलेक्ट्रॉनिक्सचे मिळाले तर टेस्टरवर जुळवूनच चौघे घ्या, एकेकटे नकोत.

दोन कॅप्चर एकत्र वाजवणार असाल तर पोलॅरिटी तपासा. डीआय बॉक्स किंवा माइकच्या केबलमध्ये ती उलटली असेल तर एकेकटे दोन्ही छान, एकत्र केल्यावर खर्ज गायब. एकाची पोलॅरिटी उलटवून जे भरीव वाजेल ते ठेवा.

फाइलच्या नावात अ‍ॅम्प, इनपुट, जोडलेले चॅनेल, सहाही बटणांची सेटिंग, ओहम, लोड की कॅबिनेट, मेन्स व्होल्टेज, इनपुटचा डीबीयू आणि डीआय की पूर्ण रिग एवढं घाला. नाव लांबलचक आणि कुरूप होईल, होऊ द्या.